असईचा हत्ती मिरवणारी ब्रिटिश रेजिमेंट : १९व्या लाइट ड्रगून्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असईच्या लढाईचा (१८०३, इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले) विषय निघाला की बहुतेकांना इंग्रज सेनापती वेलस्ली आठवतो, दौलतराव शिंदे आठवतात, फार तर शिंद्यांच्या पायदळावरचा पोलमन. त्या दिवशी ऐन मोक्याला घोडे घातलेली इंग्रजी रेजिमेंट कुठली होती, आणि पुढे तिचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. प्रश्न लोकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत, थोडे नीटनेटके करून घेतले एवढंच.

रेजिमेंटचं नाव नेमकं काय? काही ठिकाणी २३वी लिहिलेलं दिसतं.

दोन्ही बरोबर. १७८१ साली सर जॉन बर्गॉइन यांनी ती उभी केली तेव्हा तिचा क्रमांक २३ होता. (अमेरिकेत साराटोगाला शरण गेलेला जनरल बर्गॉइन वेगळा. हा त्याच घराण्यातला, पण दुसरा.) १७८६ मध्ये क्रमांकांची फेरमांडणी झाली आणि २३वी ती १९वी झाली. असईला, वेल्लोरला, कॅनडात ती १९वी लाइट ड्रगून्स म्हणूनच होती. जुनी कागदपत्रं चाळताना १७८६च्या आधीचा मजकूर असेल तर २३ शोधा, नाहीतर हाती काही लागायचं नाही.

‘ड्रगून’ म्हणजे काय? हुसार आणि लान्सर वेगळे का?

ड्रगून म्हणजे मुळात घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणारा बंदूकवाला. ही गोष्ट सतराव्या शतकातली. पुढे तो घोड्यावरूनच लढू लागला, नाव तेवढं राहिलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांना वाटलं की भारी घोड्यांवरच्या धिप्पाड स्वारांखेरीज हलकं घोडदळही हवं. टेहळणी करायची, पुढच्या गावात दाणा-वैरण आहे का बघायचं, शत्रू पळाला की त्याच्या पाठीवर बसायचं, असल्या कामांसाठी. ते लाइट ड्रगून. कमरेला वाकडी तलवार, सोबत आखूड बंदूक आणि पिस्तूल.

हुसार ही हंगेरीकडून आलेली पद्धत, लान्सर म्हणजे भालाईत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी एकेक करून लाइट ड्रगून रेजिमेंटांना हुसार किंवा लान्सर करून टाकलं. कामात फार फरक पडला नाही, शिंप्याचं बिल मात्र वाढलं.

मराठी फौजेतल्या कशाशी तुलना करता येईल?

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा भेद होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. घोडा मेला की संसारच बुडाला. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. इंग्रज ड्रगून हा बारगीरच म्हणायचा. घोडा, खोगीर, तलवार, कपडे सगळं सरकारचं. त्यामुळे घोडा जिवाच्या पलीकडे जपायचं त्याला कारण नव्हतं. शिलेदार तोफांच्या तोंडावर घोडा घालायला का कचरतो, याचं एक उत्तर त्याच्या हिशेबाच्या वहीत सापडतं. शौर्याबद्दल बोलताना हे आपण विसरतो.

अधिकाऱ्यांची गोष्ट उलटी. हुद्दा विकत घ्यायचा असायचा. कॅप्टनकी, मेजरकी यांना दर ठरलेले, आणि घोडदळाचे दर पायदळापेक्षा चढे. ही खरेदी-विक्री थेट १८७१ पर्यंत चालू होती. शिपाई गरीब घरचा आणि अधिकारी पैसेवाला, अशी ही बांधणी.

ती भारतात कशासाठी आली?

हैदर अलीसाठी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात हैदरच्या घोडेस्वारांनी कर्नाटकचा (म्हणजे तेव्हाचा मद्रासभोवतीचा) मुलूख असा काही तुडवला की मद्रासच्या इंग्रजांना तटाबाहेर पडणं जड झालं. कंपनीकडे पायदळ चांगलं होतं, घोडदळ नावापुरतं. म्हणून ही रेजिमेंट मुद्दाम हिंदुस्थानसाठी उभी केली आणि १७८२ मध्ये ती मद्रासला उतरली. इंग्लंडच्या राजाच्या फौजेतली भारतात आलेली पहिली घोडदळ रेजिमेंट ती हीच. परत गेली १८०६ नंतर. म्हणजे जवळपास पाव शतक इथे काढलं. इंग्लंडहून आलेला शिपाई इथेच म्हातारा झाला किंवा, त्याहून जास्त वेळा, इथेच मातीत गेला.

इतके घोडे बोटीने आणले का?

नाही. माणसं बोटीने आली, घोडे इथे घेतले. आणि घोडा मिळाला म्हणून भागत नसे. मद्रासकडच्या रिवाजाप्रमाणे एकेका घोड्यामागे एक मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) आणि एक गवत कापणारा असायचा. गवत कापणारा पहाटे खुरपं घेऊन निघायचा आणि मुळासकट उपटलेलं गवत धुऊन, भारा बांधून दुपारपर्यंत परतायचा. खुराक होता उकडलेले कुळीथ. कोकणात आपण ज्याचं पिठलं करतो तेच. इंग्रज त्याला घोड्याचं कडधान्यच म्हणतात.

आता हिशेब करा. चारशे स्वार म्हटले की आठशे नोकर, त्यांची बायकापोरं, वर कुळीथ वाहणारे बैल आणि बैल हाकणारे. इंग्रजी इतिहासात ‘चारशे तलवारी’ असं लिहिलेलं असतं. चालताना तो तांडा दोन-अडीच हजारांचा दिसत असणार. त्या मोतद्दारांपैकी एकाचंही नाव मला आजवर कुठे सापडलेलं नाही.

गणवेशाचंही सांगतो. उष्ण मुलखातल्या लाइट ड्रगून्सना फिकट राखी-निळसर रंगाचा अंगरखा असे. त्यामुळे असईच्या चित्रांत लाल डगल्यातले घोडेस्वार दिसले तर चित्रकाराने अंदाजपंचे रंग भरलेत असं समजा.

टिपूविरुद्ध या रेजिमेंटने काय केलं?

तिसऱ्या आणि चौथ्या म्हैसूर युद्धात ती होती. रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल जॉन फ्लॉइड हा मद्रासकडच्या सगळ्या घोडदळाचा म्होरक्या झाला. सप्टेंबर १७९० मध्ये सत्यमंगलमजवळ त्याच्या स्वारांनी टिपूच्या घोडदळाला चोपलं, पण खुद्द टिपू तोफा घेऊन आला तेव्हा फ्लॉइडला मागे हटावं लागलं. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात घोडदळाला तटावर चढायचं काम नव्हतं. ते बाहेर राहून वाटा राखत होतं. या फ्लॉइडची मुलगी ज्युलिया पुढे इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट पील याची बायको झाली.

धोंडिया वाघाला मारणारी हीच का?

हीच, पण एकटी नाही. धोंडिया मूळचा मराठा, म्हैसूर राज्यातल्या चन्नगिरीचा. टिपूच्या कैदेत होता. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सुटला आणि वर्षभरात हजारो स्वार जमवून ‘उभयलोकाधीश्वर’ म्हणवून घेऊ लागला. इहलोक आणि परलोक, दोन्हींचा मालक! त्याला धरायला पेशव्यांकडून गेलेले धोंडोपंत गोखले त्याच्याच हातून १८०० साली मारले गेले. बापू गोखल्यांचे हे चुलते. त्यामुळे धोंडियाच्या पाठलागात मराठे आणि इंग्रज काही काळ एकाच बाजूला होते.

१० सप्टेंबर १८०० रोजी आजच्या उत्तर कर्नाटकात कोनागल या गावापाशी वेलस्लीने त्याला गाठलं. पायदळ मागे राहिलेलं. हाताशी फक्त घोडदळाच्या चार रेजिमेंटा : १९वी आणि २५वी लाइट ड्रगून्स, आणि मद्रासच्या दोन देशी. समोर धोंडियाचे पाच हजारांच्या आसपास स्वार. राखीव तुकडी मागे ठेवायची तर ओळ तोकडी पडते, आणि ओळ तोकडी पडली की शत्रू बगलेतून वळसा घालतो. वेलस्लीने राखीव ठेवलीच नाही. चारही रेजिमेंटा एका ओळीत लावल्या आणि स्वतः पुढे होऊन घोडे घातले. धोंडिया मारला गेला. त्याचं प्रेत १९व्या ड्रगून्सच्या बरोबरच्या हलक्या तोफेवर घालून छावणीत आणलं. त्याच्या सामानात चारेक वर्षांचा मुलगा सापडला, सलाबतखान. त्याला वेलस्लीने आपल्याकडे ठेवून घेतलं आणि इंग्लंडला परत जाताना त्याच्या खर्चाची सोय करून गेला.

रेजिमेंट पुण्याला आली होती का?

आली होती, आणि घाईत आली होती. वसईच्या तहानंतर (३१ डिसेंबर १८०२) बाजीराव दुसऱ्याला परत गादीवर बसवायला वेलस्ली म्हैसूरकडून निघाला. यशवंतराव होळकर तोवर पुण्यातून हलले होते, बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव मागे होते, आणि ते शहर जाळणार अशी खबर वेलस्लीला मिळाली. त्याने घोडदळ पुढे काढलं आणि शेवटचे साठ मैल सुमारे बत्तीस तासांत कापून २० एप्रिल १८०३ रोजी पुणं गाठलं. शहर जळलं नाही. अमृतराव खरोखरच जाळणार होते का, यावर मला शंका आहे. अशी बातमी इंग्रजांना फारच सोयीची होती.

असईला नेमकं काय घडलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, तेव्हा सावकाश सांगतो.

२३ सप्टेंबर १८०३. ठिकाण आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात. केळणा आणि जुई या दोन नद्या जवळजवळ येत जाऊन पुढे मिळतात, त्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचा तळ. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, त्यावर पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. शंभराच्या आसपास तोफा. बाजूला हजारोंनी घोडेस्वार. वेलस्लीकडे लढाईच्या ओळीत साडेचार हजारांच्या आसपास माणसं, त्यांत १९वी ड्रगून्स आणि मद्रासच्या ४थ्या, ५व्या, ७व्या देशी रिसाल्यांचं घोडदळ. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांकडचे स्वार होते, पण त्यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता. त्यांना मागेच ठेवलं.

नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं तर समोरासमोर दोन काठांवर दोन गावं, इंग्रजी कागदांत पीपुलगाव आणि वारूर. दोन गावं अशी तोंडाला तोंड देऊन बसलीत म्हणजे मधून जा-ये असणारच, असा त्याने तर्क केला. आपल्याकडच्या कुठल्याही पोराने हेच सांगितलं असतं. मावशी पलीकडच्या गावात दिलेली असते ना. उतार निघाला.

नदी ओलांडतानाच मराठी तोफा बोलू लागल्या. वेलस्लीच्या शेजारच्या ऑर्डर्ली ड्रगूनचं डोकं गोळ्याने उडालं. धड मात्र पडलं नाही. खोगिरापुढची पिस्तुलांची म्यानं आणि मागची वळकटी यांच्यामध्ये ते अडकून बसलं, आणि बिथरलेला घोडा ते बिनडोक्याचं धड पाठीवर घेऊन माणसांमध्ये उधळत राहिला. लढाईत अजून कुणी तलवार उपसलीही नव्हती.

पलीकडे गेल्यावर वेलस्लीचा बेत होता शत्रूला बगलेत गाठायचा. पोलमनने तेवढ्या वेळात सगळी फौज काटकोनात वळवून तोंड त्याच्याकडे केलं. हे काम कवायतीच्या मैदानावरही अवघड, इथे ते शत्रूसमोर झालं. त्यात इंग्रजांच्या उजव्या टोकाला घोळ झाला. कर्नल ऑरॉकला असई गावापासून लांब राहायला सांगितलं होतं. तो पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन सरळ गावाकडेच गेला आणि त्याच्यामागून ७४वी हायलंडर्स ही स्कॉटिश पायदळाची रेजिमेंट गेली. गावात आणि गावाभोवती तोफा ठासून भरलेल्या. ७४वीच्या अधिकाऱ्यांत क्वार्टरमास्टर सोडला तर धड कुणी उरला नाही. उरलेल्यांनी मेलेल्यांचे ढीग आडोशाला करून चौकोन बांधला. वर मराठी घोडेस्वार त्यांच्यावर आले.

इथे १९वी ड्रगून्स पुढे आली. घोडदळाचा म्होरक्या कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल हा याच रेजिमेंटचा. त्याने १९वी आणि ४था देशी रिसाला घेऊन घोडे घातले. ७४वीभोवतीचे स्वार उधळले, पुढच्या तोफा आणि पायदळाची फळी कापत ते आरपार गेले, आणि थांबलेच नाहीत. पार जुई ओलांडून पलीकडे. ७४वी वाचली. पण घोडदळ हा एकदाच वाजणारा फटाका. घोडे फेसाळलेले, माणसं विखुरलेली, ओळ परत लावायला वेळ लागणार.

तोवर मधल्या भागात वेगळाच प्रकार झाला. इंग्रज पायदळ ज्या तोफांच्या ओळीवरून पुढे गेलं होतं, त्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. इंग्रज पुढे गेले तसे ते उठले, तोफा फिरवल्या आणि त्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला ७८वी हायलंडर्स आणि ७वा देशी रिसाला घेऊन स्वतः मागे यावं लागलं. त्या दिवशी त्याचे दोन घोडे गेले. पहिला गोळीने मेला, दुसरा डायोमेड भाल्याने जखमी झाला.

शेवटी पोलमनचं उरलेलं पायदळ जुईच्या बाजूला पुन्हा उभं राहिलं. मॅक्सवेलला परत धाडलं. थकलेल्या घोड्यांवर तो निघाला आणि वाटेत छर्‍याने मारला गेला. असं सांगतात की गोळी लागताच त्याचे हात वर गेले आणि घोडा अडखळला. मागच्यांना ती थांबायची खूण वाटली, आणि हल्ला शत्रूच्या तोंडासमोरून तिरका निघून गेला. मराठी पायदळ त्यामुळे बऱ्यापैकी शिस्तीत निघून जाऊ शकलं.

इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १५८४. हाती लागलेल्या तोफा ९८. तोफा सोडून जाणं हा मराठ्यांचा खरा तोटा होता. तसली ओतीव तोफ पुन्हा उभी करायला वर्षं लागतात.

म्हणजे इंग्रजांनी असई घोडदळावर जिंकली?

तसं म्हणवत नाही. घोडदळाने हरणं टाळलं, जिंकलं पायदळाने. ७४वी पूर्ण कापली गेली असती तर उजवी बाजू कोसळली असती आणि मग दोन नद्यांच्या बेचक्यात मागे हटायला जागा नव्हती. मॅक्सवेलचा पहिला हल्ला म्हणून लाखमोलाचा. पण तो वेळेआधी खर्च झाला, आणि ऐन शेवटी पाठलागाला घोडे उरले नाहीत. इंग्रज लेखक याला ‘शानदार’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते ऑरॉकच्या चुकीचं ते कर्ज होतं, आणि ते १९व्या ड्रगून्सने फेडलं.

वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत तुम्ही सर्वांत चांगलं काम कोणतं केलंत, तर त्याने असईचं नाव घेतलं.

इतकं मराठी घोडदळ होतं, ते काय करत होतं?

बहुतांश बघत होतं. हा आपल्याला टोचणारा भाग. वर शिलेदाराचा हिशेब सांगितला, तो इथे लावा. त्यात शिंद्यांच्या कवायती फौजेचे बरेच इंग्रज अधिकारी युद्ध लागताच कंपनीच्या आमिषाने निघून गेले होते. होळकर या लढाईत उतरलेच नाहीत. पायदळ आणि तोफखान्याने आपलं काम चोख केलं. घोडदळ आणि वरचे सरदार यांचं त्यांच्याशी काही नातंच नव्हतं. नुसती ‘फितुरी’ म्हणून विषय मिटवणाऱ्यांनी तोफांखाली पडून राहिलेल्या गोलंदाजांची थोडी लाज बाळगावी.

असईनंतर?

२९ नोव्हेंबर १८०३ ला अडगाव, आजच्या अकोला जिल्ह्यात. तिथे मात्र घोडदळाला मोकळं मैदान मिळालं आणि चांदण्या रात्री उशिरापर्यंत पाठलाग चालला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्ल्याच्या भिंतीसमोर घोडेस्वाराला काय काम? मग देवगावचा तह भोसल्यांशी, सुर्जी-अंजनगावचा शिंद्यांशी, दोन्ही त्याच डिसेंबरात.

हत्तीचं चिन्ह कुठून आलं?

असईबद्दल गव्हर्नर जनरलने राजाच्या फौजेतल्या तीन रेजिमेंटांना मानाची निशाणं दिली : १९वी लाइट ड्रगून्स, ७४वी आणि ७८वी हायलंडर्स. गव्हर्नर जनरल म्हणजे वेलस्लीचा थोरला भाऊ रिचर्ड, तेव्हा कौतुक घरचंच. पुढे या रेजिमेंटांना हत्ती आणि त्यासोबत ‘असई’ हा शब्द चिन्ह म्हणून मिळाला. हत्ती का? हिंदुस्थान म्हटलं की हत्ती, एवढंच. त्या लढाईचा निकाल हत्तींनी लावला नव्हता. मद्रासच्या देशी तुकड्याही तितक्याच लढल्या, त्यांनाही मान मिळाला, पण इंग्लंडच्या संग्रहालयात आज बघायला मिळतो तो स्कॉटिश आणि इंग्रजी हत्ती.

वेल्लोरच्या उठावाशी हिचा संबंध काय?

थेट संबंध. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यातले देशी शिपाई उठले. नवी पगडी, तिच्यावर चामड्याचा तुरा, गंध लावायचं नाही, दाढी काढायची असले हुकूम निघाले होते. त्याच किल्ल्यात टिपूची मुलं नजरकैदेत होती. झोपेतल्या ६९व्या इंग्रज पायदळ रेजिमेंटचे शंभराहून अधिक गोरे मारले गेले.

१९वी ड्रगून्स तेव्हा अर्काटला होती, जेमतेम दोन-तीन तासांच्या वाटेवर. कर्नल रोलो गिलेस्पी नुकताच रेजिमेंटवर आलेला. तो हाताशी असलेले स्वार घेऊन दौडत निघाला, मागून हलक्या तोफा. किल्ल्याच्या दरवाजावर उरलेसुरले ६९वीचे शिपाई तग धरून होते. त्यांनी वरून दोर सोडला आणि गिलेस्पीला ओढून घेतलं. तोफा पोचल्यावर दरवाजा उडवला आणि ड्रगून्स आत घुसले. त्यानंतर जे झालं ती लढाई नव्हती. शिपायांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, किल्ल्यातच शेकडो मेले. रेजिमेंटच्या सन्मानयादीत म्हैसूर आहे, असई आहे, वेल्लोर नाही.

गिलेस्पी १८१४ मध्ये डेहराडूनजवळ कलंग्याच्या गुरखा किल्ल्यावर हल्ला करताना पडला. तेव्हा तो या रेजिमेंटमध्ये नव्हता.

१८५७ नंतर तात्या टोप्यांचा पाठलाग यांनीच केला ना?

नाही, ती १७वी लान्सर्स. कवटीचं चिन्ह आणि ‘मृत्यू किंवा कीर्ती’ हे ब्रीद त्यांचं. आकड्यांमुळे गल्लत होते. आपली १९वी तोवर अस्तित्वातही नव्हती, पुढचं उत्तर वाचा.

अस्तित्वात नव्हती म्हणजे?

इंग्लंडला परतल्यावर रेजिमेंटचे काही स्वार १८१३ मध्ये कॅनडात गेले, अमेरिकेशी चाललेल्या युद्धासाठी. असईच्या उन्हातली रेजिमेंट नायगाराच्या थंडीत. ‘नायगारा’ हा मानही तिला मिळाला. नंतर भाले देऊन तिला लान्सर केलं, आणि नेपोलियनचा धोका टळल्यावर खर्च कमी करायला १८२१ मध्ये ती मोडली. माणसं घरी, निशाणं ठेवून दिली, क्रमांक रिकामा.

पुढे १८५७ च्या धामधुमीत कंपनीने बंगालमध्ये घाईघाईने गोऱ्यांचं हलकं घोडदळ उभं केलं. त्यात उंचीची अट सैल केली, म्हणून त्यांना ‘ठेंगू’ असं चिडवत. कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि या बंगाली रेजिमेंटला १९वी हुसार्स हा रिकामा क्रमांक दिला. क्रमांकापाठोपाठ काही वर्षांनी जुना हत्ती आणि ‘असई’चा मानही त्यांच्याकडे आला. त्यांच्यातला एकही माणूस असईला नव्हता. दत्तक घेऊन गादी चालवण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. गंमत एवढीच, की नुकतेच दत्तकाच्या मुद्द्यावर संस्थानं खालसा करणाऱ्यांनी स्वतःच्या फौजेत ते बिनतक्रार मान्य केलं.

या दत्तक रेजिमेंटने काय केलं?

इजिप्त आणि सुदान. २९ फेब्रुवारी १८८४ ला एल तेब इथे तिचा कर्नल बॅरो गंभीर जखमी झाला. क्वार्टरमास्टर सार्जंट विल्यम मार्शलने त्याला बाहेर काढलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यानंतर नाईलच्या मोहिमेत तिच्या स्वारांकडे लहानखुरे सीरियन घोडे होते. वाळवंटात पाण्याचे हाल असताना ते बुटके घोडे टिकून राहिले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ब्रिटिश सेनापती असलेला जॉन फ्रेंच याच रेजिमेंटमध्ये वाढला.

चर्चिल होता का यात?

नव्हता. तो ४थ्या हुसार्समध्ये, बंगळुरूला.

आज ही रेजिमेंट आहे का?

नावानं नाही. १९२२ मध्ये १५वी आणि १९वी हुसार्स एक केल्या. घोडे गेले, रणगाडे आले. १९४० मध्ये बेल्जियममध्ये हलक्या रणगाड्यांनी जर्मनांना अडवताना तिचे फार हाल झाले. १९९२ मध्ये ती १३व्या-१८व्या हुसार्समध्ये मिळवली आणि नव्या रेजिमेंटला जुनंच नाव दिलं : द लाइट ड्रगून्स. १३वी क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावाच्या (१८५४) प्रसिद्ध हल्ल्यात होती. त्यामुळे असई आणि बालाक्लावा आता एकाच घरात नांदतात. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला या रेजिमेंटचे मानद कर्नल-इन-चीफ आहेत. तरुणपणी ते १३व्या-१८व्या हुसार्समध्ये नोकरीला होते.

काम काय करते ती?

जे १७८१ मध्ये ठरलं होतं तेच, टेहळणी. पुढे जायचं, बघायचं, कळवायचं. इंग्लंडच्या उत्तरेतली मुलं, यॉर्कशरमधल्या कॅटरिकला छावणी, आणि खाली जॅकल नावाची उघडी, हलकी गाडी. बोस्निया, इराक, अफगाणिस्तान अशी तिची अलीकडची ठाणी. घोडे आता समारंभापुरतेही फारसे दिसत नाहीत.

असईला गेलो तर काय बघायला मिळेल?

मोठ्या स्मारकाच्या अपेक्षेने जाऊ नका. काळी माती, पिकं, दोन नद्या. सप्टेंबरच्या शेवटी जा. तेव्हा काठ किती उंच आहेत ते कळतं, आणि उतार सापडणं का एवढं महत्त्वाचं होतं तेही. केळणेच्या काठावर उभं राहून समोरचं गाव बघा, आणि तिकडे जायची वाट गावातल्या कुणालाही विचारा.